नातवंडं, तिसऱ्या आणि वाळूतल्या काचा

संपादक साहेब, नमस्कार. सुट्टीत पुण्याहून दोन नातवंडं आली होती, त्यांना घेऊन भाट्याच्या खाडीत, म्हणजे काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, सुकतीला (ओहोटीला) तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, काढायला गेलो. आधी मोबाईल बाजूला ठेवून हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अमावस्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सहा तास मिळवले की सव्वापाचच्या आसपास सुकती. नातीला वाटलं आजोबा जादू करतात!

ओल्या वाळूत दोन बारीक भोकं दिसली की तिथे बोटं घालायची, चार बोटं खाली टणक काहीतरी लागतं, पण नातू उकरायचा तोवर भोकं बुजायची आणि तो चिडायचा. नखाएवढ्या परत टाकायला लावल्या, त्यावरून थोडं भांडण झालं ते वेगळं. आणलेल्या रात्रभर खाडीच्याच पाण्यात ठेवल्या, म्हणजे रेती ओकतात, मग आमच्या हिने खोबरं घालून सुकं केलं.

पण लिहितोय ते यासाठी, की नातवाच्या बोटाला तिसरी नाही तर बियरच्या बाटलीची काच लागली, चांगलं रक्त आलं. शिवाय ओल्या वाळूत गाड्या गरागरा फिरवतात, खालची पिल्लं चिरडतात, आणि कोणी बोलायला गेलं तर व्हिडिओ काढतात. किनाऱ्यावर गाडी आणि बाटली नेऊ नये याचा साधा बोर्डसुद्धा तिथे दिसला नाही, निदान तेवढा तरी कोणीतरी लावा.

- एक आजोबा, रत्नागिरी