फिजिओ ताई, खांद्यासाठी मनापासून थँक्यू

ताई, त्या दिवशी घाईत नुसतं थँक्यू म्हणून निघाले, पण ते फारच कमी वाटलं म्हणून हे लिहितेय.

जानेवारीत सी स्विमिंगचं डोक्यात घेऊन मी २ किमीवरून एकदम ३ वर गेले आणि वर हातात पॅडल्स (पाणी जास्त ओढायला तळहातावर बांधायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या) पण घातले. महिन्याभरात उजवा खांदा इतका धरला की लोकलमध्ये वरचं हँडल पकडता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. आधी जिथे दाखवलं तिथे दोन मिनिटांत पोहणं बंद करा म्हणाले, गोळ्या संपल्या की दुखणं परत सुरू. घरी येऊन रडले होते मी, दिवसातला तो सकाळचा दादरच्या तलावातला एक तासच माझा असतो.

तुम्ही विचारलंत, एका लॅपला हात किती मारता? मी मोजून आले, ५० मीटरला ४४. तुम्ही माझ्याच रिपोर्टच्या मागे हिशोब मांडलात, २ किमीचे ४० लॅप म्हणजे १७६० हात, एकट्या उजव्याचे ८८०, तेही रोज. खांद्याची खोबण उथळ असते, तो गोळा जागेवर धरतात ते रोटेटर कफचे चार छोटे स्नायू, आणि शोल्डर ब्लेड सांभाळणारे स्नायू दमले की सगळा भार यांच्यावर येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवलंत, माझा अंगठा आधी पाण्यात जात होता, हात डोक्यासमोर मधली रेघ ओलांडत होता, श्वास कायम उजवीकडेच.

तुम्ही पोहणं बंद नाही केलंत, हे मी कधीच विसरणार नाही. पॅडल्स बंद, अंतर ८०० मीटर, किकबोर्ड (हातात धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी) पुढे ताणून धरायचा नाही, त्याऐवजी हात बाजूला ठेवून पाठीवर किक. घरी लाल थेराबँड (व्यायामाची ताणायची रबरी पट्टी) दाराच्या कडीला बांधून, कोपर आणि बरगडीमध्ये नॅपकिनची घडी धरून हात हळूहळू बाहेर न्यायचा, घडी पडली की परत पहिल्यापासून. आणि भिंतीवरचे पुशअप्स. हात बधिर झाला किंवा ताकद गेल्यासारखी वाटली तर वाट न बघता फोन करा, हे तर तुम्ही प्रत्येक वेळी सांगायचात.

काल २ किमी झाले ताई, दर तिसऱ्या हाताला श्वास घेऊन, लॅपला ३८ हात. येताना हँडल उजव्या हाताने धरलं.

आमच्या बॅचमधल्या एक काकू हल्ली पोहून झालं की खांदा दाबत बसतात, शनिवारी त्यांना घेऊन येतेय तुमच्याकडे.