ते तेल मी आणणार नाहीये

ती. बाबा आणि आई यांस, सा. न.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. बाबा, तुमच्या पार्किन्सनसाठी मागितलेलं ते गांजाचं तेल मी आणणार नाहीये. "बघते" म्हणाले ना, तेव्हाच मनात ठरलं होतं. चुकलंच माझं, तुम्ही उगाच आशेवर राहिलात.

इथे कॅनडात २०१८ पासून ते दुकानात उघड मिळतं, पण देशाबाहेर न्यायला बंदी. आपल्याकडे १९८५चा अमली पदार्थांचा कायदा. त्यातून भांगेची पानं सुटतात, हे तुम्ही मला होळीपासून दहादा ऐकवलंय; तेल म्हणजे पानं नव्हेत. आणि नुसत्या कायद्याची भीती असती, तर मी कदाचित आणलंही असतं. (आई, ओरडू नकोस.)

तो थरथर थांबलेल्या आजोबांचा व्हिडिओ मीही चारदा पाहिला. रडलेही. मग वाचत बसले. २००४ साली इंग्लंडमध्ये १९ पेशंटना गांजाचा अर्क देऊन पाहिला. गोळ्यांमुळे अंग वळवळतं, ते काही कमी झालं नाही. २०१४ साली ब्राझीलमध्ये २१ जणांवर सीबीडी, म्हणजे त्यातला नशा न आणणारा भाग, सहा आठवडे वापरून पाहिला. रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना एकंदरीत बरं वाटलं, पण थरथर, ताठरपणा होता तसाच. एकवीस माणसं तर आपल्या कोजागिरीला गच्चीवर असतात हो!

शिवाय त्याने उभं राहताना बीपी पडू शकतं, भास वाढू शकतात. गणपतीत खिडकीत बसलेलं मांजर आठवतंय ना? मला तुमचा हात थरथरलेला चालेल, तुम्ही पडलेले चालणार नाही.

तरी डॉक्टरांना विचारायचंच असेल तर पुढच्या वेळी आपण तिघं मिळून विचारू, मी व्हिडिओ कॉलवर असेन. तोवर सिंडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि दुधाबरोबर मुळीच नाही. मनाने बंद तर अजिबातच करायची नाही. पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेलाही जा, "तिथे सगळे आजारी" म्हणू नका.

बाथरूममध्ये दांडे बसवायला माणूस गुरुवारी येईल. सोमवारपासून नऊ ते सहा एक मावशी येतील. भाकरी उत्तम करतात, आई, तुझ्या ओट्याला हात लावणार नाहीत, मी बजावलंय. महिन्याचे पैसे भरून झालेत, तेव्हा वाद नको.

दारात पाय खिळले की मोठ्याने मोजा, बाबा. पर्वती चढताना मी रडायला लागले की तुम्ही मोजायचात तसं. एकशेतीनपर्यंत जायची गरज नाही, चार-पाचला पाय सुटतो.

उत्तर आईकडून लिहून घेऊ नका. अक्षर मुंगीएवढं आलं तरी चालेल, माझ्याकडे भिंग आहे.

तुमची,
चिमी