मास्टर सिलिंडर बदलण्याआधी पेडल तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत नुकताच एका सोलापूरकर तरुण वाचकाचा प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर वाचले. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तो आपली रोजच्या वापरातली हॅचबॅक घेऊन ‘ट्रॅक डे’साठी, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायला मिळण्याच्या दिवसासाठी, गेला होता. सकाळी ब्रेकचे पेडल नेहमीसारखे होते, चौथ्या-पाचव्या फेरीपासून ते मऊ पडून खोल जाऊ लागले आणि गाडी तासभर उभी राहून थंड झाल्यावर पुन्हा बरेचसे पूर्ववत झाले, असे त्याने लिहिले होते. उत्तरात मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग, बदलून घेण्यास सांगितले आहे. वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे हा सल्ला मला खटकला, कारण दोष कुठे आहे हे त्या वाचकाने आपल्या प्रश्नातच जवळजवळ सांगून टाकले होते.

मास्टर सिलिंडरमधले रबरी कप झिजले असतील, तर ऑइल दाबाखाली मागे सरकते आणि पेडल पायाखाली हळूहळू बुडत जाते. असा दोष थंड गाडीतही, घराच्या फाटकातून बाहेर पडतानाही जाणवतो. जो दोष गाडी तापल्यावर येतो आणि ती थंड झाल्यावर जातो, त्याचे मूळ आधी उष्णतेत शोधले पाहिजे. एक हजार किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून ६० वर आणली, तर सुमारे ४ लाख १६ हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेत एक लिटर बर्फागार पाणी जवळजवळ उकळीला येते. शहरात सात रस्त्यापासून होटगी रस्त्याला लागेपर्यंत असा ब्रेक एकदाही मारावा लागत नाही, ट्रॅकवर मात्र तो एकाच फेरीत अनेकदा मारावा लागतो आणि दोन वळणांच्या मध्ये डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला, निवायला वेळ मिळत नाही. ही उष्णता डिस्कला घासणाऱ्या पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून त्यामागच्या ऑइलमध्ये शिरते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो.

ब्रेक ऑइलच्या डब्यावरच्या आकड्यांकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ‘डॉट’ या प्रतवारीतले डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावे असे मानक सांगते, परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० असे आहेत. म्हणजे पाणी मुरलेल्या डॉट ५.१ पेक्षा ताजे डॉट ३ अधिक भरवशाचे ठरते. सोलापूरची हवा कोरडी आहे, इथे ऑइलात पाणी येणार कुठून, असा युक्तिवाद मी अनेक ग्राहकांकडून ऐकला आहे. हे ऑइल ग्लायकॉलवर आधारित असल्याने हवेतला ओलावा ओढून घेते. होज पाइपच्या रबरातून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून तो थोडाथोडा शिरत राहतो. उन्हाळा कितीही कोरडा असला तरी पावसाळ्याचे चार महिने दरवर्षी येतातच, आणि दुकानाच्या फळीवर अर्धवट उघडा राहिलेला डबा तर गाडीत जाण्याआधीच ओला झालेला असतो. साध्या वापरातही दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर निघण्यापूर्वी सीलबंद डब्यातले नवे भरावे. मात्र डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गल्लत करू नये. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते इतरांत मिसळत नाही आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत वापरायचे नसते. काउंटरवर घाईने दिलेला डबा आपण स्वतः वाचून घ्यावा, हे बरे.

मग मास्टर सिलिंडर बदलण्याचा सल्ला इतका रूढ का झाला? माझ्या मते कारण असे की, तो बदलताना जुने ऑइल निघते, नवे भरले जाते आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर, म्हणजे ऑइलात अडकलेली हवा, काढली जाते. पेडल कडक होते आणि श्रेय नव्या भागाला मिळते, जरी काम झालेले असते ते काही शे रुपयांच्या ऑइलाने. ग्राहकही याला जबाबदार आहेत, कारण बदललेल्या भागाचे बिल ते तक्रार न करता भरतात, पण मेकॅनिकने तपासणीसाठी घालवलेल्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला सहसा तयार नसतात.

ही तपासणी घरच्या घरीही करता येते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावी, इंजिन बंद ठेवावे आणि बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल चार-पाच वेळा दाबावे. आता जे पेडल पायाला लागते ते बूस्टरच्या मदतीशिवायचे, म्हणजे निव्वळ ऑइल, पाइप आणि कॅलिपर यांचे असते. ते उंच आणि कडक असेल, तर थंड स्थितीत यंत्रणेत हवा नाही असे बहुतांशी समजावे. तसेच दाबून ठेवून इंजिन सुरू केले की पेडल थोडेसे खाली गेले पाहिजे. ते गेले नाही, तर बूस्टर, त्याचा व्हॅक्यूम पाइप किंवा त्यावरचा एकदिशा व्हॉल्व्ह तपासावा. पुष्कळ लोक नेमके हे खाली जाणेच दोष समजून गॅरेजमध्ये येतात. इंजिन सुरू असताना उभ्या गाडीत पूर्ण ताकदीने पेडल दाबले, तर चांगल्या गाडीतही ते बरेच खाली जाते आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मास्टर सिलिंडरवर खरोखरच संशय असेल, तर पेडल हलक्या पायाने, एकसारख्या दाबाने अर्धा मिनिट धरून ठेवावे. जोराने दाबल्यावर झिजलेला कपही कडेला घट्ट बसतो आणि गळती लपते, हलक्या दाबात मात्र पेडल सावकाश बुडताना दिसते. तसे दिसले तरी आधी चारही चाकांच्या आतल्या बाजू, पाइपांचे सांधे आणि मागच्या ड्रमच्या कडा ओल्या आहेत का ते पाहावे. बाहेर कुठेही ऑइल नाही, टाकीतली पातळी उतरलेली नाही आणि तरीही पेडल बुडते आहे, एवढे जुळल्यावर मास्टर सिलिंडर जरूर बदलावा. त्याला माझा विरोध नाही.

पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर वर येत असेल, तर दोन शक्यता उरतात आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. वर येऊनही ते स्पंजी लागत असेल, तर आत हवा आहे. वर येऊन चांगले कडक लागत असेल, तर हवा नसून कुठेतरी पॅडचे डिस्कपासूनचे किंवा लायनरचे (ड्रम ब्रेकमधल्या घासणाऱ्या अस्तराचे) ड्रमपासूनचे अंतर वाढलेले आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि त्यांचे स्वयंचलित अ‍ॅडजस्टर धुळीने अडकून बसतात. अशा वेळी हँडब्रेक काही दाते ओढून पेडल पुन्हा दाबून पाहावे. ते लक्षणीय उंच आले, तर लायनर सैल आहेत. या चाचणीला एक पैसाही लागत नाही.

अंतर वाढण्याचा दुसरा प्रकार ट्रॅकवरच्या गाड्यांत विशेष दिसतो आणि त्यावर पुरवणीत कधी वाचल्याचे आठवत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लांब वळणातून किंवा कडेच्या उंचवट्यावरून गाडी गेल्यानंतरचा पहिलाच ब्रेक खोल जातो आणि लगेच मारलेला दुसरा व्यवस्थित लागतो. ऑइल उकळलेले असते तर दुसराही मऊच लागला असता. इथे चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असतो, हब (चाक ज्यावर बसते तो भाग) वळणाच्या भाराने किंचित लवतो किंवा डिस्क वाकडी फिरत असते, आणि डिस्क पॅडला ढकलून पिस्टन मागे सारते. हे मागे सरणे डोळ्यांना दिसणारही नाही इतके थोडे असते, पण पेडलपर्यंत येताना ते अनेक पटींनी वाढते. समजा, पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटर व्यासाचा आहे, मास्टर सिलिंडर २०.६ मिलिमीटरचा आहे आणि पेडलचे यांत्रिक प्रमाण पाचास एक आहे. पुढचे दोन्ही पिस्टन केवळ ०.३ मिलिमीटर मागे ढकलले गेले, तरी ती जागा भरून काढायला पेडलचा सुमारे २० मिलिमीटर प्रवास वाया जातो. अशा गाडीत कितीही उंची ऑइल भरले आणि कितीही वेळा एअर काढली तरी फरक पडणार नाही. जॅकवर चढवून चाक वर-खाली धरून हलवणे आणि डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापक) लावून डिस्क मोजणे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

याच्या अगदी उलट तक्रार म्हणजे पेडल उंच आणि दगडासारखे कडक, करपल्याचा वास, आणि गाडी मात्र थांबत नाही. यात ऑइलचा दोष नसतो. पॅडचा मसाला त्याच्या मर्यादेपलीकडे तापलेला असतो, आणि मूळ कंपनीचे शहरी वापराचे पॅड घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो. नवे पॅड बसवून ते क्रमाक्रमाने तापवून डिस्कशी जुळवून न घेता थेट वेगात वापरले, तरी हेच होते. कडक पेडल आणि मऊ पेडल या दोन्ही तक्रारी ‘ब्रेक लागत नाही’ या एकाच वाक्यात सांगितल्या जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून माझी पुरवणीला विनंती आहे की, ब्रेकविषयीच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी दोष थंड गाडीत येतो की तापल्यावर, पेडल पुन्हा मारल्यावर वर येते का, आणि ऑइल शेवटचे कधी बदलले, एवढे तरी वाचकाला विचारावे किंवा उत्तरातच या शक्यता वेगळ्या करून सांगाव्यात.

एअर काढूनही पेडल स्पंजी राहिले, तर काही नेहमीच्या जागा आहेत. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल होऊन बसले तर ब्लीडिंगचे (हवा काढण्याचे) निपल खालच्या बाजूला जाते आणि वर अडकलेली हवा कधीच निघत नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या की पॅड तिरके झिजतात आणि तिरका पॅड डिस्कवर सपाट बसेपर्यंत पेडलला स्प्रिंगसारखी उसळी येते. जुने रबरी होज पाइप दाबाखाली फुगतात. एका माणसाने पेडल दाबले आणि दुसऱ्याने हात लावून पाहिले, तर कधीकधी ते फुगणे हातालाही कळते. होज चिमट्याने एकेक चाक बंद करून पेडल पाहत गेल्यास दोषी चाक सापडते, मात्र स्टीलच्या जाळीचे होज असतील तर चिमटा लावू नये, ते आतून खराब होतात. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ऑइलचा दाब कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागात) हवा गेली असेल, तर अनेक गाड्यांत ती स्कॅनर जोडून व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय निघत नाही. अशा वेळी संबंधित गाडीचे स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जावे.

आपल्या भागात रेसिंग ट्रॅक नाही, म्हणून इथले हौशी तरुण चेन्नई किंवा कोइमतूरला शेकडो किलोमीटर त्याच गाडीने जातात आणि त्याच गाडीने परत येतात. ट्रॅकवर उकळलेले ऑइल थंड झाल्यावर पेडल पूर्ववत वाटते, पण ऑइल सुधारलेले नसते. परतीच्या वाटेवर एखाद्या लांब घाटाच्या उतारावर किंवा पुढे कधी घरच्यांना घेऊन तुळजापूरहून खाली येताना ते पुन्हा उकळू शकते. म्हणून ट्रॅकवरून निघण्यापूर्वीच एअर काढून घ्यावी, आणि शक्य असेल तर ऑइल तिथेच बदलावे. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारावी, कारण गाडी तापलेल्या अवस्थेत एकदम उभी केली की वारा थांबतो आणि डिस्कमधली साठलेली उष्णता कॅलिपरमध्ये चढत राहते. मागचे ब्रेक तापलेले असताना हँडब्रेकही ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी.

दुरुस्तीनंतरची चाचणी रात्रीच्या वेळी हैदराबाद महामार्गावर घेण्याचा प्रकार अलीकडे वाढलेला दिसतो, तो मला मुळीच मान्य नाही. ज्या ब्रेकची खात्री नाही त्याची परीक्षा मालट्रकांच्या आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या गर्दीत घेऊ नये. आधी उभ्या गाडीत वर सांगितलेल्या तपासण्या कराव्यात, नंतर मालकाच्या परवानगीने एखाद्या मोकळ्या आवारात ताशी वीस-तीस किलोमीटर वेगाने ब्रेक मारून पाहावा, पुन्हा चारही चाकांशी ऑइल झिरपलेले नाही ना हे पाहावे, आणि मगच गाडी रस्त्यावर आणावी.

आपला नम्र,
एक वाचक व वाहन-तंत्रज्ञ,
होटगी रस्ता, सोलापूर