तमाशाच्या फडाला पीककर्जासारखे हंगामी कर्ज द्या

संपादक महोदय,

अवकाळी पाऊस झाला की कांदा, द्राक्ष, आंब्याच्या नुकसानीच्या बातम्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. पण त्याच पावसात गावोगावच्या जत्रांतले तमाशेही बुडतात, त्याची नोंद कुठेच होत नाही.

फडाचे वर्ष शेतीसारखेच चालते. भाद्रपदात पैसा ओतायचा: कलावंतांची उचल, ट्रकची दुरुस्ती, तंबू-कनाती, जनरेटर, तालमीच्या दिवसांचे जेवण. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम संपतो. खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या जत्रांची. त्यांच्या सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे सौदे, पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांनी टाकलेल्या राहुट्यांत ठरतात. 2020 साली देशभरची टाळेबंदी नेमकी पाडव्याला, 25 मार्चला सुरू झाली. म्हणजे पीक काढणीला आले असताना गेले.

जत्रेची वर्गणी रब्बीच्या पैशातून निघते. गहू-हरभरा गेला किंवा कांद्याचा भाव पडला, की यात्रा कमिटी पहिली कात्री सुपारीला लावते. शेतकरी आणि कलावंत एकाच वर्षी, एकाच कारणाने अडचणीत येतात. पावसाळ्यात शेतमजुरी करणाऱ्या कलावंताला तर हा फटका दोनदा बसतो.

फरक पडतो तो भांडवलात. शेतकऱ्याला केंद्राच्या व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंत पीककर्ज वार्षिक सात टक्क्यांनी मिळते, वेळेवर फेडले तर चारने. फडमालक बहुधा सावकाराकडे जातो. दरमहा शेकडा तीन धरला तरी तीन लाखांवर आठ महिन्यांत 72 हजार व्याज होते. सात टक्क्यांनी तेच 14 हजार. हा बोजा शेवटी कलावंतावर येतो. हंगाम तुटला की उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि माणूस त्याच फडाशी बांधला जातो. ऊसतोड कामगाराची गत याहून वेगळी नाही.

शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते, ते चांगलेच आहे. पण ते वय झाल्यावर मिळते. भाद्रपदातली गरज त्याने भागत नाही. म्हणून फडालाही हंगामी कर्ज आणि पावसाचा विमा मिळावा. पीककर्ज हेक्टरी ठरते, तसे हे कर्ज मागच्या हंगामातल्या खेळांच्या संख्येवर ठरावे आणि परतफेड ज्येष्ठात असावी. विम्यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही. फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद धरतात, तीच जत्रेच्या रात्रीसाठी धरता येईल.

यातला कच्चा दुवा कागदाचा आहे. सुपारी अनेकदा शब्दावर ठरते आणि इसाराची रक्कम डायरीत टिपली जाते. संध्याकाळी सहाला वळीव कोसळला, फळ्या भिजल्या, जनरेटरच्या वायरी चिखलात गेल्या, की खेळ रद्द होतो. इसार पदरात राहतो, पण उरलेल्या रकमेवरून वाद होतो. डिझेल आणि कलावंतांचा भत्ता मात्र त्या रात्रीही द्यावाच लागतो. अशा तोंडी व्यवहारावर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. म्हणून फडमालक आणि यात्रा कमिट्यांनी येत्या पाडव्यापासून एकच छापील करारनामा वापरावा. त्यात गाव, तारीख, खेळाची वेळ, ठरलेली रक्कम, इसार आणि पावसाने खेळ मोडला तर कोणी किती सोसायचे हे लिहिलेले असावे. सांस्कृतिक कार्य विभागाने त्याचा नमुना काढावा आणि जिल्हा बँकेने तो तारण म्हणून ग्राह्य धरावा.

– एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)