गव्हावर दळायचं नाही

चि. रेवतीस, अनेक आशीर्वाद.

तुझी उद्यान एक्स्प्रेस सुटली आणि मी स्टेशनवरून सरळ गिरणीत आलो. घरी गेलो असतो तर आईने विचारलं असतं, निघताना बोलली का ती तुमच्याशी? काय सांगणार होतो? दिवसभर दळणं उरकली, आता शटर ओढून लिहायला बसलोय. गोळ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

आधी हिंगाचं. तुझं बरोबर होतं. भोगीच्या भाजीला आईने फोडणी दिली, तू गहू सोडलायस म्हणून डबी बघायला मागितलीस आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, चिमूटभर हिंगाने काही होत नसतं. रात्री चष्मा लावून डबी वाचली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ आणि हिंग. चाळीस वर्षं पिठात उभा आहे, पण घरच्या फोडणीत गहू आहे हे मला माहीत नव्हतं. चुकलो मी. मेतकूट, भाजणी, सातूचं पीठ, तिन्ही डबे आईने बापूकाकांकडे पाठवून दिले.

दुसरं, घरघंटी घेतली. माडीवर ठेवलीय, तिच्यात गहू कधीच जाणार नाही. बायका दळण ठेवताना बजावतात ना, "अण्णा, गव्हावरच दळा, बाजरीवर नको"? आधीचं पीठ दगडाच्या खाचांत बसून राहतं आणि पुढच्या दळणात उतरतं, हे मला कुणी शिकवायला नको. पाकिटावर ग्लूटेनमुक्त छापायचं तर ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत लागतं म्हणतात. आपल्या गिरणीच्या दगडावर ते व्हायचं नाही. म्हणजे एवढे दिवस बापाच्या गिरणीतून तुला ज्वारीच्या नावाने गहूही जात होता. हे मनातून जात नाही.

तू गूळपोळीला हात लावला नाहीस तेव्हा मला राग का आला, ते सांगतो. ७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि खडी फोडायच्या कामावरून माझ्या आईने आणलेली सुकडी, यावर ते वर्ष काढलं. चांगल्या सालीसुद्धा गहू सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. तू शाळेत जायला लागलीस आणि तुझ्या डब्यात रोज पोळी जायला लागली, तेव्हा गिरणी घेतल्याचं सार्थक झालं असं वाटलं होतं. पहिल्या दिवशी डबा मी भरला होता. दोन पोळ्या, तूप, गूळ. तू अर्धी परत आणलीस. ती अर्धी मी खाल्ली.

तुझ्या डॉक्टरांनी मागे एक गोष्ट सांगितली होती. हॉलंडमधे १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, पाव मिळेना, आणि पोटाच्या एका दुखण्याची मुलं उलट सुधारली. डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावरचा संशय त्यातून पक्का झाला. पण ते ग्लूटेनने आतडं बिघडण्याचं दुखणं, सिलिअॅक. तुझी ती तपासणी तू पोळी खात होतीस तेव्हाच झाली आणि ती निगेटिव्ह आली. गहू सोडल्यावर केली असती तर भरवसा ठेवता आला नसता. तरी गहू सोडल्यापासून पोट फुगत नाही म्हणतेस, ते मी खोटं मानत नाही. गव्हात फ्रुक्टान नावाचं कर्बोदक असतं, ते काहींना पचत नाही, असंही तुझे डॉक्टर म्हणाले होते. खा तू भाकरी. आयुष्यभर खा, मी दळून देतो.

पण रेवती, गोळ्या का सोडल्यास? आईला बॅगेत तीन पट्ट्या न फोडलेल्या सापडल्या. तिने तुझी बॅग उघडायला नको होती, हेही खरं.

पित्तनलिकांचं आकसणं, म्हणजे तुझं हे पीएससी, थांबवेल असं खात्रीचं औषध अजून नाही, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांसमोर सांगितलं. तू तेव्हा काही बोलली नाहीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "मग निदान पीठ तरी माझ्या हातात आहे." ते मी विसरलेलो नाही. पण मेसालामाइन आतड्यासाठी आहे, आणि पीठ बदललं म्हणून पित्तनलिका सुधारतात असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. पीएससीबरोबर जो कोलायटिस, मोठ्या आतड्याची सूज, असतो तो पुष्कळदा गप्प असतो. रक्त नाही, कळ नाही, आणि आत सूज असतेच. कॅन्सरचा धोकाही जास्त, म्हणून तर दरवर्षी कोलोनोस्कोपी. तुझी मागच्या ऑगस्टमध्ये व्हायला हवी होती. बरं वाटतंय म्हणून पुढे ढकललीस. बरं वाटण्यावर कसं जायचं, बाळ? रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज, पित्तनलिका तुंबल्या की वाढतं ते, ४१२ आलं त्या दिवशी तू ऑफिसात नाचाच्या स्पर्धेत पहिली आली होतीस.

बघ, पुन्हा तिथेच आलो. रागावू नकोस. सव्वीस वर्षांची आहेस, परक्या शहरात एकटीने एवढं निभावतेस, गिऱ्हाइकांना सांगताना माझा आवाज चढतो. पण रात्री या दुखण्याची खाज सुटून तू दंड ओरबाडत होतीस, ते मी दारातून पाहिलं.

उद्या बसने पार्सल निघेल. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, चार किलो पीठ. कडक भाकऱ्या चाळीस, त्या महिनाभर टिकतील. शेंगाची चटणी आईने बिनहिंगाची केलीय. पीठ मात्र पंधरा दिवसांत संपव, नंतर विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. तसं झालंच तर उकळतं पाणी घालून मळ.

कोलोनोस्कोपीची तारीख घेतलीस की कळव. आदल्या दिवशी मी येतो. बोलायचं नसेल तर नको बोलूस, मी बाहेर बाकावर बसेन.

तुझा,
अण्णा