पावसाळ्याआधी गाडी बघून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार,

मृग जवळ आलाय. घाटात जाण्याआधी टायर तपासा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. ओल्या रस्त्यासाठी मात्र ३ मिलिमीटरलाच बदललेला बरा. वायपरचं रबर उन्हाने कडक झालं असेल तर तेही बदला, खर्च किरकोळ आहे.

कळकळीची विनंती तळघरातल्या पार्किंगबद्दल. गाडी पाण्यात बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारू नका. एअर फिल्टरमार्गे सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. पॉलिसी आजच काढून बघा. गाडी टो करूनच गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक गाडी बुडाली असेल तर हातही लावू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा.

अतिवृष्टीचा इशारा आला की तळघरातल्या गाड्या वर आणा. वॉचमन जागा दाखवतील.

– व्यवस्थापक समिती