आधी छत, मग खिडक्या

लश्कर, ग्वाल्हेर
19 एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला त्याच संध्याकाळी दौलतगंजला तुमच्या घरी जाऊन आलो. फोनवर तू घाईत होतास, मीही बाड्यावरच्या गर्दीत उभा होतो. "सगळ्या खिडक्या बदलून टाकू का?" या तुझ्या प्रश्नाला मी नुसतं "बघून सांगतो" म्हटलं. आता सविस्तर लिहितो, कारण रक्कम मोठी आहे आणि त्या घरात काका-काकू राहतात.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. काकूंनी पन्हं दिलं आणि म्हणाल्या, "भिंतीला टेकू नकोस रे, अजून तापलीय." मी पलंगावर चढून छताच्या पटियाला, म्हणजे दगडी फळीला, तळहात लावला. सूर्य मावळून अडीच तास उलटले होते, तरी दगड माझ्या हाताहून गरम होता. मग खिडकीच्या काचेला हात लावला. ती केव्हाच निवली होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. काका-काकूंना रात्रभर झोप लागत नाही ती छतामुळे. खिडक्यांचा त्यात फारसा दोष नाही.

आपल्याकडे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, क्षितिजापासून 87 अंशांवर. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरपं, निसटतं पडतं आणि सगळा मारा गच्चीवर होतो. तुमचं छत म्हणजे लोखंडी गर्डरवर ठेवलेल्या दगडी पटिया आणि वर जुना कोबा, तोही काळा पडलेला. दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली सोडतो. खिडक्यांना कितीही उंची काच लावलीस, तरी हा वरचा तवा तसाच राहणार.

खिडकीवाल्याचा कागद काकांनी दाखवला. त्यात तीन गोष्टी आहेत: सगळीकडे सरकत्या खिडक्या, सगळीकडे गडद काच आणि माडीच्या छताखाली थर्माकोल घालून फॉल्स सीलिंग. मला तिन्ही पटल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी मी स्वतः यातून गेलोय, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

तेव्हा मीही आधी खिडक्याच बदलल्या होत्या. दुकानदाराने "एकदम सीलबंद" म्हणून सरकत्या खिडक्या विकल्या. सरकती खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही, एक पल्ला नेहमी दुसऱ्यामागे उभा राहतो. एका खिडकीत कूलर बसवला होता. बाकीच्या खिडक्या लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, आत येऊ नये म्हणून बंद ठेवल्या. दोन दिवसांत खोलीचं न्हाणीघर झालं. चादरी दमट, कपाटाला वास, आणि आई म्हणायची की जीव गुदमरतोय. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. त्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर ओल साचत जाते आणि गारवा संपतो. शेवटी समोरच्या भिंतीत, वरच्या बाजूला उघडती झडप करून घेतली, तेव्हा आई शांत झोपली. तुमच्या घरात हे झरोके आधीपासूनच आहेत. फॉल्स सीलिंग केलंस तर नेमके तेच झाकले जातील.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं आणखी एक म्हणणं आहे. उष्णता अडवायची तर दगडाच्या वर अडवावी. खालून थर्माकोल लावला की पटिया वर तशाच भाजत राहतात. पावसाळ्यात कुठे पाझरलं तर दिसत नाही, आणि गर्डर आतल्या आत गंजत जातो. शिवाय थर्माकोल पेटला की त्याचा धूर फार वाईट, तो झोपण्याच्या खोलीत नकोच. वरून थर दिला की दगड सावलीत असल्यासारखा राहतो आणि त्याचं जडपण आपल्या कामी येतं. रात्री खिडक्या उघड्या टाकून निववलेला दगड दुपारपर्यंत खोली धरून ठेवतो.

म्हणून माझा सल्ला असा. या आठवड्यातच गच्ची घासून चुन्याचे दोन जाड हात देऊन टाकू. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि खर्च इतका कमी की विचार करत बसायला नको. नौतपा, म्हणजे मेअखेरीचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायच्या आत एवढं तरी हवंच. मग मे महिन्यात मिस्त्री लावून पक्कं काम करू: आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर 50 मिलिमीटर जाडीचे एक्सपीएसचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे, तक्ते, वर उताराचा कोबा आणि शेवटी चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी. 2018 मध्ये निघालेल्या इको निवास संहितेत छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती वाहते ते माप, 1.2 च्या आत असावा असं म्हटलंय. हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. 50 मिलिमीटरच्या थराने तो 0.6 च्या आसपास येतो. पण काम सुरू करण्याआधी एखाद्या जाणकाराला गर्डर दाखवून घेऊ. नव्या कोब्याचं वजन जुन्या लोखंडावर पडणार आहे. जुना कोबा काढायचा की ठेवायचा हे तोच सांगेल.

आता खिडक्या. त्या सागवानी आहेत, काकांच्या वडिलांनी बसवलेल्या. चौकटीला अजून कुठे कीड नाही. त्या काढून टाकायच्या कल्पनेनेच मला वाईट वाटलं. मी देवघरातली उदबत्ती घेऊन प्रत्येक चौकटीभोवती फिरवली. तीन खिडक्यांत धूर सरळ वर जात होता. रस्त्याकडच्या खिडकीत बिजागरीच्या बाजूने तो एकदम आत वळला. लू आणि धूळ येते ती तिथून. सुतार बिजागऱ्या बसवून देईल, पल्ल्यांना रबराची पट्टी लागेल, काचांची सुटलेली पुट्टी नव्याने भरावी लागेल. दोन दिवसांचं काम आहे.

दुहेरी काचेला माझा विरोध नाही. साध्या एका काचेचा यू-व्हॅल्यू 5.7 च्या घरात असतो, मध्ये हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेचा साधारण 2.8. पण हे बाहेरच्या गरम हवेपुरतं झालं. ऊन थेट काचेवर पडत असेल तर साधी पारदर्शक दुहेरी काचही त्याचा बराच भाग आत सोडते. ऊन काचेला लागण्याआधीच अडवावं लागतं. आतला पडदा कितीही जाड असला तरी तोवर ऊन खोलीत आलेलं असतं. आठवतं, तानसेन समारोहाला गेलो की आपण दोघं मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या जाळ्यांपाशी जाऊन बसायचो? चारशे वर्षांहून जुनं ते काम. बाहेर दगडाची जाळी, आत सावली आणि वारा. पश्चिमेच्या खिडकीला तेच हवं. तिथे छज्जा उपयोगाचा नाही, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं. बाहेरून चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, सोडू, मे-जूनमध्ये वाळ्याचा पडदा लावू. त्या एका खिडकीला तुला दुहेरी काच लावायची असेल तर जरूर लाव. रस्त्याचा आवाज कमी होईल, ते काकांना बरं वाटेल.

दक्षिणेच्या खिडकीला मात्र गडद काच लावू देऊ नकोस, एवढं माझं ऐक. डिसेंबरात दुपारचा सूर्य 40 अंशांपर्यंतच चढतो, म्हणून छज्जाखालून ऊन थेट आत येतं. जूनमध्ये तोच छज्जा त्याला बाहेर ठेवतो. बांधणाऱ्याने किती विचार केला होता बघ. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा तीन-चारवर जातो तेव्हा काकू त्याच खिडकीत पाठ उन्हाला देऊन बसतात. मागच्या संक्रांतीला मी गेलो होतो तेव्हा मांडीवर सूप घेऊन तीळ निवडत होत्या आणि उन्हाचा पट्टा सरकेल तशी चटई सरकवत होत्या. गडद काच लागली तर ते ऊन आत येणारच नाही.

निघताना काकांना एवढंच सांगून आलो की सकाळी आठला सगळ्या खिडक्या बंद आणि रात्री नऊनंतर सगळ्या उघड्या. ते म्हणाले, "आमची आई हेच करायची."

चुन्याच्या कामाला रविवारी येतो असं मिस्त्री म्हणालाय, मी स्वतः गच्चीवर उभा राहीन. तोवर खिडकीवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस. पश्चिमेच्या खिडकीचं माप मी घेतलंय, तुझा होकार आला की चिक सांगून टाकतो. काकूंनी तुझ्यासाठी कैरीचं लोणचं बाजूला काढून ठेवलंय. मे महिन्यात येशील तेव्हा चार दिवस जास्तीची सुट्टी काढून ये, छताचं काम तुझ्यासमोर व्हावं असं मला वाटतं.

तुझा,
शाळेतला शेजारी